सासूबाईंची न्हाणी

चेन्नईतल्या जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला दोन काळज्या असतात. पाणी केव्हा येणार ही एक, आणि आलेलं पाणी कुठं जाणार ही दुसरी. पहिली काळजी सगळं शहर करतं. दुसरीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर तोललेली असली आणि तिथं आंघोळीची सोय करायची वेळ आली, तर दुसरीच काळजी मोठी होऊन बसते. आमच्याकडे ती वेळ २०२२ साली आली, दिवाळीच्या दोन महिने आधी.

आमचं घर मैलापूरमध्ये, कपालीश्वराच्या देवळापासून पायी पाच मिनिटांवर. माझे आजेसासरे मूळचे मिरजेचे. 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे'त नोकरी लागली म्हणून ते इकडे आले. ही कंपनी १९०८ साली सुरू झाली आणि १९५१ साली सदर्न रेल्वेत मिळाली. रेल्वे गेली, तिच्या नावातला मराठा गेला, आम्ही मात्र इथंच राहिलो. (शहराचं नाव १९९६ साली चेन्नई झालं, पण आमच्या घरात अजून मद्रासच म्हणतात.) घराच्या खालच्या मजल्यावर मोठे भावजी आणि जाऊबाई राहतात, वरच्या मजल्यावर आम्ही आणि सासूबाई.

सासूबाईंची खोली रस्त्याच्या बाजूला. खिडकीतून देवळाच्या गोपुराचं टोक दिसतं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या याच खोलीत. २०२१ साली जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, "चाला, फिरा, पण जिना नको." आणि आमची आंघोळीची जागा मात्र खाली, मागच्या अंगणात, विहिरीशेजारी. जुन्या घरांची हीच रीत. वर मागच्या बाजूला काँक्रीटच्या छोट्याशा भागात संडास होता, पण तो जेमतेम दोन पावलांचा. तिथं बादली ठेवली तर माणूस बाहेर उभा राहील!

भावजी म्हणाले, "आईला खाली आणू या. पुढची खोली रिकामी करून देतो." अगदी मनापासून म्हणाले. जाऊबाईंनी तर पडदेसुद्धा धुऊन ठेवले. पण सासूबाई तयार होईनात.

"अगं, मी एकदा खाली गेले की परत वर येणार नाही," त्या मला म्हणाल्या, "हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मलाही."

यावर काय बोलणार? वर्षभर मी त्यांचं अंग ओल्या टॉवेलनं पुसून देत होते. त्या डोळे मिटून बसायच्या. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला पाठ चोळू दिली नाही, तिला रोज सुनेपुढं असं बसावं लागायचं. दिवाळीच्या पहाटे इथं तमिळ लोक एकमेकांना विचारतात, "गंगास्नानं आच्चा?" म्हणजे, गंगास्नान झालं का? आपल्या अभ्यंगस्नानाचंच हे रूप. २०२१ च्या दिवाळीत शेजारच्या मामींनी सवयीनं खिडकीतून तसं विचारलं. सासूबाईंनी उत्तर दिलं नाही, खिडकी लोटून घेतली.

तेव्हा ह्यांनी ठरवलं, न्हाणी वर करायची.

आता ज्या जमिनीवर करायची ती कशी आहे, हे सांगायला हवं. मद्रासच्या जुन्या घरांचं बांधकाम आपल्याकडच्या वाड्यांहून थोडं वेगळं. पुण्याच्या वाड्यात तुळयांवर फळ्या टाकून कडीपाट करतात आणि त्यावर माती. इथं फळ्याच नाहीत. सागवानी तुळया हात-दीड हात अंतरानं भिंतीवर टाकायच्या आणि त्यांच्यावर खास पातळ विटा, आडव्या नव्हे तर कडेवर उभ्या करून, तिरप्या रांगांत चुन्यात बसवायच्या. त्या विटाच एकमेकींना आवळून धरतात. त्यावर वीटखडी आणि चुन्याचा तीन-चार इंचांचा थर. तो बायका लाकडी थापीनं दिवसेंदिवस बडवत असत. बडवताना त्यावर 'कडुक्काय' म्हणजे आपला हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी शिंपडायचं. सगळ्यात वर चपट्या भाजलेल्या फरशा. याला 'मद्रास टेरेस' म्हणतात. गच्चीसाठी ही पद्धत प्रसिद्ध, पण मधले मजलेही असेच बांधले जात. आमच्या घराला शंभरीकडे झुकल्यावरसुद्धा काही झालेलं नाही. फक्त एक अट आहे, तुळयांना पाणी लागू द्यायचं नाही.

पाणी लागलं तर काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझं माहेर गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, आणि मोरीखाली लाकडी तुळया. धुणी, भांडी, आंघोळी सगळं त्या चार हात जागेत. आई सारखी ओरडायची, "मोरीबाहेर पाणी सांडू नका, खालच्या काकू येतील भांडायला!" काकू यायच्याच. त्यांच्या छताला आमच्या मोरीखाली कायमचा एक ओला डाग होता आणि पुढं तिथं लाकडी टेकू लावावा लागला. मुंबईतल्या अशा इमारतींसाठी १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा त्यात वेगळा वर्ग आहे, आमची चाळ त्यातलीच. अशी चाळ दुरुस्तीला काढली की कामगार आधी मोरी आणि संडासाची बाजू ठोकून बघतात, ते उगीच नव्हे.

लाकडाचं असं आहे, की ते कायम कोरडं राहिलं तर शतकं टिकतं. पूर्ण पाण्यात बुडून राहिलं तरीही टिकतं. ते कुजतं या दोन्हींच्या मध्ये. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर जाऊन तसाच राहिला की बुरशी धरते. सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून ते तग धरतं, पण कायमची ओल त्यालाही सोसत नाही. आणि सर्वांत धोक्याची जागा म्हणजे तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. तिथं वारा लागत नाही, दिसत काही नाही, आणि सगळा भार तर त्या टोकावरच.

पहिल्यांदा एक ठेकेदार आला. मोटारसायकलवरून उतरला, मागची अडगळीची खोली पाहिली आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "जमीन फोडू, आठ इंच खाली घेऊ. मध्ये एक तुळई येते, तिला वरून दोन इंच खाच मारू, पाइप त्यातून जाईल. चार दिवसांचं काम."

ह्यांनी विचारलं, "खाच मारल्यावर तुळई कमजोर नाही का होणार?"

"सहा इंचांतले दोन इंच सर. चार राहतात की!"

ऐकायला बरोबर वाटतं ना? पण लाकडाची ताकद अशी सरळ हिशेबानं कमी होत नाही. आडव्या तुळईची वाकण्याला तोंड द्यायची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सहाचा वर्ग छत्तीस, चारचा सोळा. म्हणजे खाच मारलेल्या जागी निम्म्याहूनही कमी ताकद उरणार. हे गणित आमच्या मुलानं कागदावर करून दाखवलं. तो दहावीत होता, आणि गणिताचा घरात काही उपयोग झाल्याचा त्याला एवढा आनंद झाला की कागद त्यानं भिंतीवर चिकटवला.

ठेकेदारानं मग दुसरा उपाय सुचवला. तोडायचं नसेल तर खोलीची सगळी जमीन नऊ इंच उचलू, विटांचे तुकडे आणि सिमेंट भरू, त्यातून पाइप नेऊ. खोली सहा फूट बाय पाच फुटांची. मुलानं पुन्हा कागद घेतला. टनाहून जास्त वजन झालं! ते सगळं त्या तुळयांवर, आणि त्याखाली जाऊबाईंचं देवघर.

इथं जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. त्या कुंभकोणमच्या, तमिळ. लग्नानंतर मराठी शिकल्या आणि आता माझ्याहून स्पष्ट बोलतात. मी त्यांना अक्का म्हणते. सासूबाईंवर त्यांचा जीव आहे, पण वर न्हाणी होणार हे ऐकल्यापासून त्या गप्प होत्या. एके दिवशी मला देवघरात घेऊन गेल्या आणि वर बोट दाखवलं. तेलपाणी केलेल्या काळ्याभोर तुळया, मधल्या तिरप्या विटा, खाली समई.

"ओळुगुम," त्या एवढंच म्हणाल्या. गळणार.

मला गिरगावच्या काकू आठवल्या. वरची माणसं पाणी वापरतात, त्याची धास्ती खालच्यांना असते. आजकालच्या फ्लॅटमध्ये तरी वेगळं काय आहे? सोसायटीच्या निम्म्या भांडणांच्या मुळाशी कुणाच्या तरी न्हाणीघराची ओल असते. मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच काम सुरू होईल." सासूबाईंना हे सांगितलं नाही. त्यांना दोघी सुनांमध्ये आपल्यावरून काही व्हावं हे सोसलं नसतं.

शेवटी भावजींनीच एक म्हातारा मेस्तिरी शोधून आणला. मेस्तिरी म्हणजे आपला मिस्त्री. दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. हा माणूस तरुणपणी चुन्याच्या कामावर वाढलेला. त्यानं आधी वरची खोली पाहिलीच नाही. खाली देवघरात गेला, शिडी मागितली आणि प्रत्येक तुळईचं टोक भिंतीपाशी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहिलं. टोक आत घुसलं नाही, तेव्हा मान हलवली. मग मागच्या अंगणात जाऊन भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला. आम्ही सगळे त्याच्या मागं मागं. शेवटी जे बोलला ते मी अजून घोकते. म्हणाला, "वर ओतलेली बादली खाली दिसली पाहिजे. मध्ये कुठंही लपता कामा नये."

त्याची सगळी योजना या एका वाक्यातून निघाली होती. जमीन फोडायची नाही, तुळईला हात लावायचा नाही. न्हाणी खोलीच्या मध्यावर नाही, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात करायची. तिथं फायबरचा एक ट्रे बसवायचा, तीन फूट बाय चार फुटांचा, कडा उभ्या असलेला. पाण्याचा पाइप जमिनीच्या वरून, ट्रेच्या खालून, सरळ भिंतीतून बाहेर. बाहेरून भिंतीवरून उघडा खाली आणि अंगणातल्या गली ट्रॅपवर सोडलेला. तेही ट्रॅपच्या तोंडाला जोडून टाकायचा नाही, जाळीच्या थोडा वर संपवायचा, म्हणजे पाणी पडताना दिसेल.

कोपराच का? तर पाइपाला उतार लागतो. चाळीस इंचांना एक इंच असा धरला, तर सात फूट लांबच्या पाइपाला दोन इंच उतार द्यावा लागतो, आणि तेवढा ट्रे उंच जातो. कोपऱ्यात ट्रेचं भोक भिंतीपासून वीस इंचांवर आलं, तिथं अर्धा इंच पुरला. भिंत दीड फूट जाड आहे, तिच्यातला उतार भिंतीतच गेला. त्यात ट्रॅपची उंची मिळवायची. ट्रॅप म्हणजे पाइपातला तो वाकडा भाग, ज्यात दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. तो टाळता येत नाही. कितीही काटकसर केली तरी ट्रेचा तळ जमिनीपासून पाच इंच वर येत होता.

या ट्रॅपवरून एक गंमत झाली. मेस्तिरीबरोबर आलेला नळवाला पोरगा, ज्याला तमिळशिवाय अक्षर येत नाही, तो दुकानदाराला फोनवर सांगत होता, "नहानी ट्रॅप, नहानी ट्रॅप!" सासूबाईंनी कान टवकारले. "काय म्हणतोय गं हा? न्हाणी?" खरंच तसं आहे. सगळ्या देशात नळकामवाले जमिनीतल्या ट्रॅपला नहानी ट्रॅप म्हणतात, अभियांत्रिकीच्या पुस्तकांतसुद्धा तेच नाव. शब्द आपल्या न्हाणीचा की गुजराती नाहणीचा यावर भांडता येईल, पण सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला. "न्हाणी आपली, ट्रॅप साहेबाचा!" वर्षभरात त्या पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या.

पण पाच इंच! खुब्याची शस्त्रक्रिया झालेली, एकोणऐंशी वर्षांची बाई पाच इंचांची पायरी रोज ओल्या पायांनी कशी चढउतार करणार? ह्यांनी उतरता चढ करावा असं सुचवलं, पण खोली एवढीशी, तो फार तीव्र झाला असता. मेस्तिरी डोकं खाजवत बसला. इकडे सासूबाईंनी मला हाक मारली, "माझे दोन पाट आण." जेवणाचे जुने पाट, अडीच इंच उंचीचे. त्यांनी एक जमिनीवर ठेवायला सांगितला आणि काठी टेकत त्यावर चढल्या. उतरल्या. पुन्हा चढल्या. मग दोन पाट एकावर एक ठेवायला सांगितले. पाय उचलला, पण मध्येच थांबल्या.

"एक पाट जमतो," त्या म्हणाल्या. "दोन नाही."

ठरलं. पाच इंचांच्या दोन पायऱ्या झाल्या, प्रत्येक एका पाटाची. खालची पायरी चांगली रुंद, दोन्ही पावलं ठेवून, थांबून, श्वास घेऊन मग पुढं जाता येईल अशी. शेजारी स्टीलचा दांडा. तो नुसत्या चुन्याच्या गिलाव्यात स्क्रूनं बसवला असता तर पहिल्या झटक्यात हातात आला असता, म्हणून भिंतीच्या आरपार बोल्ट घातले आणि पलीकडून लोखंडी पट्टी लावली. मला वाटतं, सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा माप घेणारा माणूस सासूबाईच होत्या. आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सोयी करतो, पण त्यांचा पाय किती उचलतो हे त्यांना विचारतो का?

शॉवर लावायचा का, असं नळवाल्यानं विचारलं. सासूबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो विषय संपला. त्यांना स्टुलावर बसून, बादलीतलं पाणी तांब्यानं अंगावर घ्यायचं होतं. त्याला पाणीही कमी लागतं, आणि पाण्याचं मोल आम्ही शिकलेलो आहोत. २०१९ च्या जूनमध्ये या शहराला पाणी देणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. तेव्हा प्लॅस्टिकच्या रंगीत कुडमांची, म्हणजे घागरींची, टँकरपुढची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. तेव्हापासून घरात पाणी साठवायची सवयच लागली. ह्यांना न्हाणीत दोनशे लिटरचं पिंप ठेवायचं होतं. मेस्तिरीनं हात जोडले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे किलोंचं पिंप रात्रंदिवस एकाच तुळईवर उभं, हे नको. दोन कुडम आणि एक बादली ठेवा, तीही भिंतीकडच्या बाजूला.

स्टूल म्हटल्यावर ट्रेचीही काळजी घ्यावी लागली. फायबरचा ट्रे खालून पोकळ राहिला, तर स्टुलाचे चार पाय टेकतात तिथं तो दबतो. रोज थोडा दबतो, थोडा उठतो, आणि एक दिवस भोकापाशी पाइपाचा सांधा सुटतो. ते पाणी मग कुणालाही न दिसता खाली जिरत राहतं. म्हणून आधी सागवानी पट्ट्यांची चौकट केली, ती एकाच तुळईवर न टेकवता तीन तुळयांवर आडवी पसरली, म्हणजे भार वाटला जाईल. वर पाण्यात टिकणारी पाऊण इंची प्लाय, तिच्यावर मसाल्याचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच ट्रे दाबून बसवला. तळ सगळीकडे टेकला.

भिंतीशी ट्रेची उभी कड चार बोटं वर गेली आणि फरशा तिच्यावरून खाली आल्या, कौलावर कौल यावं तशा. नळवाल्याचा भर सिलिकॉनच्या नळीवर होता. "एवढं मारलं की थेंब जाणार नाही," असं त्याचं म्हणणं. सिलिकॉन लावलंच, पण त्याच्या भरवशावर काही ठेवलं नाही. लाकडी जमीन ऋतूप्रमाणे थोडी फुगते, थोडी आकसते, आणि भिंत जागची हलत नाही. त्या दोघींमधली फट कशानं तरी चिकटवून टाकली तर ती केव्हा तरी फाटणारच. पाणी उतारानं ट्रेमध्येच परत येईल अशी रचना असली, की फाटलं तरी निभावतं. पायरीच्या दर्शनी बाजूची फळी मेस्तिरीनं खिळ्यांनी ठोकली नाही, दोन स्क्रूंवर ठेवली. ती काढली की ट्रेखालचा पाइप, ट्रॅप, सगळं दिसतं.

काम चार दिवसांत नाही, अकरा दिवसांत झालं. मग आली परीक्षा.

ट्रेचं भोक कापडाच्या बोळ्यानं आणि रबरी बुचानं बंद केलं आणि तीन इंच पाणी भरलं. म्हणजे पंच्याऐंशी लिटर, तितकेच किलो. पाण्याच्या रेषेवर पेन्सिलनं खूण केली. खाली देवघरात जाऊबाईंनी तुळयांवर आणि विटांवर खडूची पूड फासून ठेवली होती, कारण काळ्या लाकडावर ओल दिसत नाही, पांढऱ्यावर लगेच दिसते. ही युक्ती त्यांचीच. मेस्तिरीसुद्धा म्हणाला, "अम्मा, तुम्ही आमच्या कामात यायला हवं होतं." चोवीस तास पाणी तसंच ठेवायचं होतं. त्या रात्री कुणालाही नीट झोप लागली नाही. मी दोनदा उठून पेन्सिलची खूण पाहिली. पहाटे तीनला खाली टॉर्चचा उजेड हलताना दिसला, अक्का शिडीवर उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बूच काढलं. भावजी अंगणात उभे होते. पाइपातून धो धो पाणी गली ट्रॅपवर पडू लागलं आणि ते लहान मुलासारखे ओरडले, "आलं! आलं!" खडू कोरडाच होता. जाऊबाईंनी तो लगेच पुसला नाही. म्हणाल्या, "एक पावसाळा जाऊ दे." इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच. त्या पावसातही खडू पांढराच राहिला, पण त्यांनी तो अजून पुसलेला नाही. देवघराला खोटं छत लावून तुळया झाकायचा विचार भावजींच्या मनात होता, तोही अक्कांनी मोडीत काढला. तुळया उघड्या असल्या तरच दिसतं, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. लाकूड झाकलं की त्याचं दुखणं कळत नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला मी सासूबाईंना उटणं, तेल आणि गरम पाणी नेऊन दिलं. त्या एक पाट चढल्या, थांबल्या, दांडा धरला, दुसरा पाट चढल्या. स्टुलावर बसल्या. मी तिथंच उभी होते.

"आता तू जा," त्या म्हणाल्या.

"आई, मी दाराशी..."

"दार लोटून घे आणि जा. हाक मारीन."

मी दाराबाहेर उभी राहिले. आतून तांब्याचा आवाज येत होता. पहिला तांब्या, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. खालून जाऊबाईंनी हळूच विचारलं, "झालं का?" मी खूण केली, थांबा. त्या मग अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्यावरून आत काय चाललंय याचा अंदाज घेत राहिल्या. थोड्या वेळानं शेजारच्या मामींचा आवाज आला, "गंगास्नानं आच्चा?" आणि बंद दाराआडून सासूबाई तमिळमध्ये ओरडल्या, "आच्चू, आच्चू!"

आता या न्हाणीची निगा हे एक कामच झालं आहे, ते सांगितलं पाहिजे. आंघोळ झाली की खिडकी उघडी ठेवायची आणि पायरी कोरडी पुसायची, ओला टॉवेल जमिनीवर टाकायचा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी जाळी उचलून ट्रॅपमधले केस काढायचे, ते काम ह्यांच्याकडे. सहा महिन्यांनी पायरीची फळी काढून आत हात फिरवायचा, ते मुलाकडे, तो सुट्टीवर आला की. सासूबाई आठवडाभर भाच्याकडे गेल्या होत्या, तेव्हा ट्रॅपमधलं पाणी वाळून थोडा वास आला. एक तांब्या पाणी ओतलं, थांबला. बाहेरचा पाइप उन्हानं ठिसूळ होऊ नये म्हणून त्याला रंग द्यावा लागतो.

गली ट्रॅपवर रोज पडणारं पाणी बघून भावजींनी तिथं केळीचे दोन कोंब लावले. मेस्तिरी सहज डोकावला होता, त्यानं एक लगेच उपटायला लावला. भिंतीच्या फार जवळ होता.